न केलेल्या दोन सह्या

अन्याय झाला तो धर्मामामांवर. दोन वर्षांपूर्वी, मंगळवारी, पहिल्या पाळीत, चहाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना. बोईसरच्या एका रासायनिक कारखान्यात व्हॉल्व्ह फुटला आणि मामांचा उजवा डोळा गेला. व्हॉल्व्ह गळतोय हे ते आठवडाभर सांगत होते. हे आधीच लिहिते, कारण तेराव्याला कुणीतरी म्हणालं, ‘नशीब एकेकाचं.’ नशीब नव्हे. व्हॉल्व्ह.

मामा गेल्याचं मला पाच आठवड्यांपूर्वी कळलं. स्टेशनबाहेर मी शिफ्टच्या बससाठी उभ्या कामगारांना आमच्या युनियनची पत्रकं वाटत होते. आईचा फोन आला, “धर्मादादा गेला गो... झोपेतच.” फोन ठेवला आणि पत्रकं वाटतच राहिले. दुसरं काय करायचं ते सुचेना. त्याआधी दीड वर्ष मी मामांशी बोलले नव्हते.

मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ, नवापूरचे. खाडीत मासळी मिळेना, तेव्हा होडी विकून कारखान्यात लागले. डोळा गेल्यावर कंपनीने कागद पुढे केला : ‘सुरक्षेचा चष्मा मीच काढून ठेवला होता, चूक माझी.’ सही केली की गेटवर बसून करायचं काम, कायमचं. साहेब म्हणाला, “अरे धरम, साइन कर दे, तेरा ही फायदा है.” मामा म्हणाले, “साब, आँख आपके पास गयी. साइन मेरे पास है.” नोकरी गेली.

मी खूश! लगेच त्यांच्या नावाने निवेदन टाइप करून नेलं. त्यात व्हॉल्व्ह होताच, शिवाय सुपरवायझर दारू प्यायलेला होता असंही मी घातलं. अशाने लोक पेटतात, आम्हाला माहीत असतं. मामांनी माझ्या ठरलेल्या कपात चहा दिला, मग कागद नाकाशी धरून एका डोळ्याने सावकाश वाचला.

“तो पिलेला नव्हता गो.”

“मामा, तुमचा डोळा गेला! त्याचं काय एवढं?”

“डोला माझ्या हातात नव्हता. खोटं बोलायचं का नाय, तेवढं माझ्या हातात हाय.”

हे सगळं रद्दीत मिळालेल्या एका पुस्तकातून आलेलं. कव्हर फाटलेलं, जुन्या ग्रीक-रोमन स्टोइक विचारवंतांवरचं. त्यातला एक लंगडा गुलाम मामांचा दोस्तच झाला होता. शरीर मालकाचं असेल, पण कशाला हो म्हणायचं ते आपलं, ही त्याची शिकवण. मी फटकन म्हणाले, “हे गुलामांना गप्प बसवायचं तत्त्वज्ञान आहे.” मामा हसले. “मी गप हाय? कंपनीला नाय म्हनलो, तुला पन नाय म्हनलो. भरतीला कोन शिव्या देतं? पन होडी बांदली नाय तर चूक आपली.”

मी तणतणत निघाले, ती पुन्हा गेलेच नाही. मामांनी नंतर स्वतःच चार ओळींची तक्रार लिहून दिली, नुसत्या व्हॉल्व्हची. ती अजून चालू आहे. मामी आधीच गेलेली, मूलबाळ नाही... मी मात्र ‘एकजूट’ छापलेली पत्रकं गावोगाव वाटत फिरत होते.

परवा खोली आवरायला गेले. खिळ्याला सुतळीत ओवलेली माझीच पत्रकं. प्रत्येकाच्या कोऱ्या बाजूला मधोमध रेघ : एकीकडे ‘हातात हाय’, दुसरीकडे ‘हातात नाय’. ‘नाय’खाली डोला, खाडी, नोकरी, निकाल. सगळ्यात वरच्या पत्रकावर ‘नाय’खाली एकच ओळ होती : पोरगी येनं. आणि ‘हाय’खाली : तिचा कप धुवून ठेवनं.

कप फळीवर होता. पालथा. स्वच्छ.

उद्या तुमच्यापुढेही कुणी कागद सरकवेल, कंपनी किंवा माझ्यासारखी कुणी. वाचा. खोटं असेल तर सही करू नका. आणि कुणी तुमच्यासाठी कप धुवून ठेवत असेल, तर हा पेपर खाली ठेवा आणि जा. आजच. तेवढं तुमच्या हातात आहे. माझ्याही होतं.