टाकून दिलेल्या ओळी

एका घरच्या मधल्या सुनेला ऑफिसात मुंगी म्हणायचे. वाईट मनाने नव्हे हं. तिचं कामच तसं, एकेक कण उचलायचा आणि वारुळात नेऊन टाकायचा.

काम काय ते सांगते. माणसं फोनवर सर्च करतात की नाही, हे कुठे मिळेल, ते कसं करायचं? तर कुठले शब्द लिहिले, आणि ते लिहून कुठल्या दुकानाच्या वेबसाइटवर आले की नुसतं नाव बघून पुढे गेले, याची रोजची नोंद त्या सर्चवाल्यांकडे होते. कोणी लिहिलं ते नाही कळत, फक्त काय लिहिलं ते. तिच्या ऑफिसकडे एकशे चाळीस दुकानांच्या वेबसाइट सांभाळायला. मुंगीने एकेक उघडायची, तारखा घालायच्या, यादी उतरवायची, की पुढची. सोमवारी सुरू केलं की शेवटच्या दुकानापर्यंत पोचायला शुक्रवार उजाडायचा, तोवर पहिल्याची यादी शिळी. शिवाय यादी दुकानदाराला द्यायच्या आधी पाखडायची. एखाद-दुसऱ्यानेच विचारलेल्या ओळी तळाला असतात, त्या काढून टाकायच्या. ऑफिसात त्याला भुसा म्हणायचे. सात वर्षं तिने असा भुसा उडवला. घरी सासूला वाटायचं, ही दिवसभर नुसती बोटं आपटते आणि दमल्याचं सोंग करते.

मग तिने व्हिडिओ बघून, चार महिने डोकं खपवून एक प्रोग्रॅम लिहिला. सगळ्या वेबसाइटची सोळा महिन्यांची नोंद तो आपला आपण मागून आणणार आणि एका जागी ओतणार. आधी नीट चाले ना. एकदा अर्धीच दुकानं आणली, एकदा एकाच दुकानाची यादी चाळीस वेळा. शेवटी एका गुरुवारी सकाळी तिने बटण दाबलं, चहा आणायला गेली आणि परत येते तो काम संपलेलं. आठवड्याचं काम, चहा निवायच्या आत. ती कप हातात धरून तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी त्या एकशे चाळिसांतले एक बूटवाले आजोबा येणार होते. सत्तरी उलटलेली, एकट्याचं दुकान. ज्यांचा एक पाय आखूड असतो, त्यांच्यासाठी तळाला बुचाचे थर चढवून बूट करायचे. इतकी सफाई, की चालणाऱ्याचा हेलकावा जायचा. पण वर्षभरात गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. शुक्रवारी वेबसाइट बंद करायची, शनिवारी लाकडी साचे विकत न्यायला माणूस येणार, मग दुकानाला कुलूप.

त्यांची शेवटची यादी काढावी म्हणून मुंगीने त्या ढिगात 'पाय' आणि 'बूट' एवढंच टाकलं. पण ढीग होता सगळ्या दुकानांचा मिळून, आणि प्रोग्रॅमला पाखडायला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याने सगळं समोर आणून ठेवलं.

शाळेच्या कपड्यांच्या दुकानाखाली, 'मुलीचा एक पाय आखूड शाळेचा काळा बूट'. शिंप्याखाली, 'पाय आखूड पँट नाही बूट पाहिजे'. लग्नाच्या कपड्यांखाली, 'नवरदेव लंगडतो एकच बूट उंच'. काठ्यांच्या दुकानाखाली, 'काठी नको तसा बूट असतो का'.

एकेक ओळ, एकेकदाच. मोजल्या तर सहाशे बारा.

तिने यादी परत वरपासून वाचली. एवढी माणसं एकमेकांना न ओळखता, आपापल्या घरात बसून एकाच दाराची चौकशी करत होती आणि भलत्याच दारावरून परत जात होती. आणि सात वर्षं त्यांना उडवत होती कोण, तर ही.

ती यादी घेऊन ऑफिसच्या मोठ्या मॅडमकडे गेली.

"मुंगे, हे दुसऱ्यांच्या दुकानातलं आहे. यांचं त्यांना दाखवलं तर आपल्यावर विश्वास कोण ठेवील?"

"दुकानांची नावं काढते. नुसती माणसांची वाक्यं ठेवते."

मॅडम वाचत राहिल्या. "हे 'काठी नको' कुणी लिहिलं असेल गं?"

"ते कळत नाही मॅडम."

"दुकानदारांना विचार. हो म्हणाले तरच."

त्या सगळ्या ओळी मिळून नऊ दुकानांच्या होत्या. नऊच्या नऊ जणांना फोन केले. शिंपी म्हणाला, "न्या की बाई, मी काय त्यांना बूट शिवून देणार आहे?" बाकीचेही हो म्हणाले.

शुक्रवारी आजोबा आले ते बसलेच नाहीत. "पोरी, सही कुठे करू सांग आणि मला मोकळा कर."

"करा सही. आधी हे वाचा."

"चष्मा नाही आणला."

"खिशाला अडकवलाय."

पहिलं पान त्यांनी भरभर उलटलं. दुसऱ्यावर बोट ठेवून वाचायला लागले. तिसऱ्यावर बोट थांबलं.

"ही शाळेतली पोर. पाय किती आखूड ते नाही लिहिलं?"

"नाही आजोबा. विचारतात आणि जातात."

"मग माझ्याकडे का नाही आली?"

मुंगीने त्यांचं पान उघडून दाखवलं. वर ठळक अक्षरात, 'अस्थिविकारानुरूप पादत्राणे'.

"तुम्ही घरी असं म्हणता?"

"मी कशाला म्हणीन? डॉक्टरांनी सुचवलं. म्हटलं, भारदस्त दिसेल."

"लोकही नाही म्हणत."

तेव्हा कुठे आजोबांनी खुर्ची ओढली. "लिही. एक पाय आखूड असेल तर बूट करून मिळेल. शाळेचा, लग्नाचा, कसलाही. सरळ उभं राहून आखूड पायाखाली वह्या सरकवत जा. कमरेची दोन्ही हाडं एका रेषेत आली की थांबा, आणि वह्या किती लागल्या ते मला फोन करून सांगा."

"एवढंच?"

"आणि त्या काठी नको म्हणणाऱ्यासाठी लिही, पहिले आठ दिवस काठी लागेल. खोटं कशाला सांगायचं."

सहीचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

शनिवारी साचेवाला टेंपो घेऊन आलाच. रिकामा कसा पाठवायचा म्हणून आजोबांनी त्याला बायकांच्या उंच टाचांचे दोन पोती साचे दिले. म्हणाले, तसेही माझ्या हाताला ते कधी आवडले नाहीत.

बाराव्या दिवशी फोन वाजला. कोणी बाई होती, दबक्या आवाजात बोलत होती. "मुलीला तीन वह्या लागल्या. दोनशे पानी. पण तिसरीतली बरीच पानं फाडलेली आहेत, चालतील का?"

आजोबांनी पेन्सिल उचलली. "वह्या घेऊनच या," ते म्हणाले. "आणि पोरीलाही."