चौथी ओळ

विश्राम टिपणीस बारा महिने छत्री घेऊन फिरतो. डोंबिवली पूर्वेला त्याच्या सोसायटीत यावरून त्याची पुष्कळ थट्टा होते. होऊ दे बापडी. त्या छत्रीचा पावसाशी काही संबंध नाही, ती रिक्षा थांबवायला लागते. दोन वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली, जीव वाचला आणि आवाज गेला. अगदीच गेला असं नाही, कुजबुज उरली. शेजारी बसलेल्या माणसाला कान देऊन ऐकलं तर कळेल एवढी. पण भर रस्त्यात कुजबुजीला कोण विचारतो? म्हणून छत्री वर करायची.

बायको, वासंती, जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी वल्लरी कॅनडात. ऑपरेशननंतरच्या दुसऱ्याच रविवारी ती फोनवर म्हणाली, "बाबा, काहीच ऐकू येत नाहीये. मेसेज करता का त्यापेक्षा?" मुलीचं काय चुकलं? खरंच ऐकू येत नव्हतं. पण तेव्हापासून रविवारी फोन वाजत नाही, नुसता थरथरतो. त्याच्याशी पूर्वीसारखी बोलते ती एकटी जाईबाई भाजीवाली. त्याने मेथीकडे बोट दाखवलं की "ती नको, किडकी हाय" म्हणून खेकसते आणि दुसरी जुडी पिशवीत कोंबते. विश्रामला ते खेकसणं आवडतं. काही वेळा भाजी घरात असतानाही तो जाऊन येतो.

आता हे सांगितलं तर कुणाला पटणार नाही, पण हाच माणूस एकेकाळी डोंबिवलीतला सगळ्यांत मोठ्या आवाजाचा माणूस होता. चौऱ्याऐंशी साली तीन पोरांनी मिळून रॉक बँड काढला, तोही मराठीतून. नाव ठेवलं 'भोंगा'. शेजारीपाजारी म्हणायचे, नाव तरी प्रामाणिक ठेवलंय कार्ट्यांनी. सुदेश गिटारवर, रतन ड्रमवर, आणि गायला विश्राम. गाणी लिहायची कामगिरीही त्याच्याच गळ्यात पडलेली.

पहिला कार्यक्रम एका शाळेच्या मैदानात झाला. शेवटचं गाणं होतं 'उशीर', दोनच दिवसांपूर्वी लिहिलेलं. मधल्या कडव्याला पोचले आणि वीज गेली. गिटार गेली, माइक गेला, मैदानात काळोख. दुसरा कुणी असता तर हातपाय गाळून बसला असता. विश्रामने छाती भरून घेतली आणि तसाच, बिनमाइकचा, गायला:

कुणाच्या दारी दिवा जळतो,
माझं घर मला ओळखत नाही,
किल्ली आहे, कुलूप आहे...

आणि चौथी ओळ आठवेचना! अंधार, समोर तीनशे माणसं, आणि डोक्यात काही नाही. मग त्याने दुसरीच ओळ परत घेतली: माझं घर मला ओळखत नाही. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. रतनच्या भावाचा टेपरेकॉर्डर सेलवर चालणारा, त्यामुळे काळोखातलं ते सगळं कॅसेटवर आलं.

खरी चौथी ओळ होती: हाक मार, मी झोपलो नाही. विश्रामची आई तो तालमीहून येईपर्यंत दाराशी चटई टाकून पडायची आणि त्याचं पाऊल वाजलं की आतून हेच म्हणायची. "हाक मार रे नुसती, मी झोपलेली नसते." सुदेशने गच्चीत बसून चाल लावली ती या ओळीसकट. पण कार्यक्रमानंतर रतन म्हणाला, "परत तीच ओळ भारी वाटते यार. राहू दे तशीच." विश्राम पडला भिडस्त. रेकॉर्डिंगच्या वेळी दुरुस्त करू, असं त्याने मनात ठरवलं. पुढे चार वर्षं त्या कडव्याला सगळी वाद्यं बंद करायची, दिवे घालवायचे आणि विश्रामने बिनमाइकचं गायचं हा 'भोंगा'चा रिवाजच झाला, चुकलेल्या ओळीसकट. मग नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, विश्राम केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये चिकटला. रेकॉर्डिंग काही झालं नाही.

गेल्या वर्षी रतनच्या मुलीने ती कॅसेट इंटरनेटवर टाकली आणि विशीतल्या पोरापोरींना त्या गाण्यांनी वेड लावलं. मग एक दिवस सुदेशचा फोन.

"विश्या, ठाण्याला शो लावलाय! आपलीच गाणी. गायला अपूर्व म्हणून एक पोरगा मिळालाय, डोळे मिटलेस तर तूच. तू ये रे. स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ देतो तुला."

विश्राम काहीतरी बोलला. पलीकडून "हॅलो? हॅलो? अरे आहेस ना?" शेवटी त्याने फोन ठेवला आणि मेसेज लिहिला: 'त्या दिवशी नाशिकला आहे, भाचीकडे कार्य आहे.' साफ खोटं. पण ज्या स्टेजवर गायलो तिथे आता नारळ घ्यायला जायचं, हे त्याला नको होतं. मग त्याने आणखी लिहायला घेतलं, 'सुदेश, उशीरची चौथी ओळ...' आणि पुसून टाकलं. आपणच चार वर्षं चुकीचं गायलो, आता कुठल्या तोंडाने सांगायचं? शिवाय सुदेशला आठवत असेलच की. चाल त्याची. पोराला शिकवताना तो बरोबर ओळ शिकवेल. न शिकवून सांगतो कुणाला?

ती ओळ एकदा, एकदाच, मोठ्या आवाजात म्हटलेली ऐकायची होती त्याला. दुसऱ्या कुणाच्या का गळ्यातून होईना. त्याने गुपचूप तिकीट काढलं.

ठाण्यातलं माजिवड्याजवळचं सभागृह संध्याकाळी सहालाच भरलं. विश्राम मागून तिसऱ्या रांगेत, टोपी खाली ओढून बसला. शेजारी टिटवाळ्याहून आलेली ऋतिका नावाची मुलगी होती. हे तिनेच सांगितलं. ती बसल्यापासून बोलत होती.

"काका, तुम्ही एकटेच आलेलात? भारी! तुम्ही ओरिजिनल भोंगा ऐकलेला काय?"

"एकदोनदा," विश्राम कुजबुजला.

"घसा बसलाय वाटतं. ओरिजिनल सिंगर वारला ना पण? कमेंटमध्ये वाचलेलं मी."

विश्रामने छत्रीची मूठ घट्ट धरली. त्याने खांदे उडवले.

पडदा सरकला. सुदेशला टक्कल पडलेलं, रतनचं पोट ड्रमला टेकलेलं. आणि मधोमध अपूर्व, पंचविशीचा, काटकुळा. त्याने तोंड उघडलं मात्र, विश्रामच्या अंगावर सरसरून काटा आला. तो त्याचाच आवाज होता. श्वास घेण्याची जागा तीच, शब्दाच्या शेवटी किंचित घासणं तेच. पोराने कॅसेट घोटून प्यायली होती. विश्रामला राग आला, हेवा वाटला, आणि खोटं कशाला बोला, अभिमानही वाटला. त्याच्या मिटल्या ओठांआड जीभ प्रत्येक शब्दाला हलत होती.

चार गाणी झाल्यावर सुदेश माइकवर आला. "आमचा गायक विश्राम टिपणीस आज नाशिकला आहे, भाचीकडे. नाहीतर इथेच उभा केला असता त्याला. विश्या, तुझ्या नावाने शेवटचं गाणं, 'उशीर'."

"अय्या, जिवंत आहेत!" ऋतिका किंचाळली. "बघा ना काका, आणि आले नाहीत. किती ना ॲटिट्यूड!"

उठावं, छत्री वर करावी, एवढंच करायचं होतं. विश्राम अर्धवट उठलाही. पण मग काय? सगळे वळून बघणार, पोरगा माइक पुढे करणार, आणि त्यातून फुसकन हवा निघणार. तो परत खाली बसला.

मधलं कडवं आलं. वाद्यं थांबली, दिवे गेले. त्या काळोखात अपूर्वने माइक खाली ठेवल्याचा बारीक आवाज आला.

कुणाच्या दारी दिवा जळतो,

माझं घर मला ओळखत नाही,

किल्ली आहे, कुलूप आहे...

विश्रामने श्वास धरला. सुदेश, सांगितलंयस ना रे त्याला?

माझं घर मला ओळखत नाही.

अपूर्व गायला तसाच, आणि त्याच्याबरोबर सगळं सभागृह गायलं. सातशे माणसं, सगळ्यांना पाठ. सुदेशही गात होता, डोळे मिटून, मनापासून. त्याला आठवत नव्हतं. कुणालाच आठवत नव्हतं. आई गेली, गाणं लिहिलेला कागद गेला, आणि ती ओळ आता या एका माणसाजवळ उरली होती, ज्याला ती मोठ्याने म्हणता येत नव्हती. विश्रामला एकदम इतकं एकटं वाटलं, की वासंतीला पोचवून घरी आला त्या दिवशीही तेवढं वाटलं नव्हतं.

कडवं परत सुरू झालं. या खेपेला अपूर्व गप्प, नुसते लोक गाणार. अंधार होता, कुणी बघत नव्हतं. विश्रामने तोंड उघडलं आणि होती नव्हती ती सगळी हवा घशात आणून त्यांच्याबरोबर गायला लागला. तिसरी ओळ संपली. चौथ्या ओळीला सातशे माणसं एक म्हणाली, आणि तो म्हणाला:

हाक मार, मी झोपलो नाही.

ऋतिका त्याच्या कानाशी वाकली. मुलगी चांगली होती हो, अगदी हळू, कुणाला कळू न देता म्हणाली, "काका, तशी नाहीये ती. परत घरवालीच ओळ आहे."

विश्राम तिच्याकडे वळला. सांगता आलं असतं. शेजारच्या माणसाला ऐकू जाईल एवढा आवाज होता त्याच्याकडे.

"हो का?" तो म्हणाला. "चुकलो."

"होतं असं. आता परत येईल बघा, माझ्याबरोबर म्हणा."

कडवं तिसऱ्यांदा आलं. दिवा, घर, किल्ली, कुलूप. विश्राम तिच्याबरोबर म्हणत गेला, आणि चौथ्या ओळीला म्हणाला: माझं घर मला ओळखत नाही.

"आता बरोबर," ऋतिका म्हणाली.