तिसऱ्या खोलीचे कुलूप

वडील धाड गावच्या शाळेत शिक्षक होते. महाराष्ट्र होऊन काही वर्षे झाली होती. शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढून त्यांनी तीन खोल्यांचे घर बांधले. दोन खोल्या आमच्यासाठी होत्या. तिसरीचे दार वेगळे, बाजाराच्या रस्त्यावर. तिच्या भाड्यातून अर्धा हप्ता निघावा आणि अर्धा पगारातून जावा, असा बेत होता. मुदतही त्यांनी मुद्दाम लांबची घेतली. हप्ता लहान राहिला तर याच रीतीने बुलढाण्यात दुसरे घर बांधता येणार होते. त्याचा नकाशा त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर होता.

चार महिने भाडेकरू आला नाही. सगळा हप्ता पगारातून कापला जात होता. "उन्हाळ्यापर्यंत पाहू," वडील म्हणाले, "नाहीतर हे पान फाडू."

भाडेकरू न येण्याचे कारण आईच्या लक्षात आले. बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतले नातलग येत आणि रिकाम्या खोलीत मिरच्यांची पोती, घोंगड्या टाकून आडवे होत. रस्त्यावरून पाहणाऱ्याला खोली कायम भरलेली दिसे. पाहुण्यांना नको म्हणणे घरात कोणालाच जमत नव्हते.

पुढच्या बाजाराआधी आईने खोलीला कुलूप लावले आणि पाहुण्यांची सतरंजी आमच्या खोलीत अंथरली. मामा पोते खांद्यावर घेऊन दारातच थांबला.

"काऊन वं बाई, आमच्या खोलीले कुलूप?"

"तुमची केव्हा झाली रे? भाड्यानं द्याची हाये."

"भाड्यानं? दाजी, तुम्ही सांगितलं काऊन नाही? आमच्या गावचा शिंपी दिवाळीपासून इथं दुकान पाहून राह्यला. म्या त्याले सांगितलं, धाडात एक खोली खाली नाही!"

"तूच तं झोपत होता तिच्यात," आई म्हणाली. वडील इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

आठवड्याभरात शिंप्याचे मशीन बैलगाडीतून उतरले. पहिला सदरा त्याने मामालाच शिवला, फुकट. पुढची चार वर्षे हप्ता एकदाही चुकला नाही आणि बुलढाण्याच्या घरासाठी दुसरे कर्ज मंजूर झाले.

पाया खणायच्या आदल्या दिवशी वडील विटांचा भाव विचारायला गेले होते. आई बाजारातून नवे कुलूप घेऊन आली.