शिवेपर्यंतचा माग

दर्यापूरकडच्या एका गावात चोरीच होत नाही, असं अमरावतीच्या बाजारात तिघांच्या तोंडून ऐकलं आणि मी निघालो. डोक्यावर सरकी वाहता वाहता स्वतःच्या दुकानापर्यंत पोचलेला माणूस मी. माल ठेवायच्या कोठाराला असं गाव हवंच होतं.

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून छोटी धरावी. ती इतकी सावकाश जाते, की शेजारचा म्हातारा मधेच उतरून बोरं तोडून पुन्हा चढला. दर्यापूरहून पुढं बैलगाडी. पावसाळ्यात जाऊ नका, काळी माती चाक सोडत नाही.

गावच्या पाटलांनी भाकर, झुणका, ठेचा वाढला, पैसे घेतले नाहीत, वर कोठाराची जागा दाखवली. मग रीत सांगितली. चोरी झाली की जागल्या, म्हणजे गावाचा राखणदार, पावलांचा माग काढतो, गाव त्याच्यामागं चालतं. माग शिवेबाहेर गेला, की चोर द्यायचा नाहीतर भरपाई, हे पुढच्या गावाच्या गळ्यात. त्यामुळं पाटलांचं चोऱ्यांचं बुक कोरं.

दुसऱ्याच सकाळी भाजी-फुलं पिकवणाऱ्या सगुणाबाईचा मोटेचा बैल चोरीला गेला. जोडीतला एक गेला म्हणजे मोट बंद, आणि वांगी उभी करपणार. जागल्या गणपत वाकून पुढं, गाव मागं, मीही. बैलाचा एक खूर फुटका, त्यामुळं माग मलाही दिसत होता. ओढ्यापाशी तो वळला आणि सरळ पाटलांच्या पुतण्याच्या गोठ्याकडं गेला.

गणपत थांबला. पाटील शांतपणे म्हणाले, "गणपत, माग शिवेकडे जाऊन राहिला ना?"

त्यानं जमिनीकडं पाहिलं, पाटलांकडं पाहिलं. "होय जी," म्हणाला आणि शिवेकडं चालू लागला. मागून सारं गाव, त्या फुटक्या खुराच्या खुणा तुडवत. एकानं मला कोपरानं ढकललं, म्हणाला चाला शेटजी, ऊन चढून राहिलं. मी चाललो. खुणेवर माझाही जोडा पडला.

शिवेवर शेजारच्या गावचे पाटील शिव्या देत होते, तेवढ्यात सगुणाबाई माझ्याजवळ आली. "तुमी बाहेरचे आहा, शेटजी. बैल कुठं वळला थे तुमी पाह्यलं. तेवढं सांगा."

यजमान पाटलांची गाडी मला न्यायला उभी होती. मला मागातलं कळत नाही, म्हणालो.

"मले वाटलं, तुमी तरी सांगसान," ती म्हणाली.

वाटेत गाडी थांबवून एका पोलीस ठाण्यात पाहिलेलं सगळं लिहून दिलं, सही केली. घरी आलो, जागेला नकार कळवला. आठवड्यानं त्याच बाजूचा एक फुलवाला भेटला. जमादार गावात गेला, पाटलांकडं जेवला, माग शेजारच्या गावात गेल्याचं लिहून परतला म्हणे. आणि सगुणाबाईनं उरलेला बैल विकून टाकला. घेतला पाटलांच्या पुतण्यानं. त्याची जोडी पुरी झाली.

सही मी ठाण्यात केली. बोलायला हवं होतं शिवेवर.