आईची फिरती न्हाणी

माझं लहानपण गोव्यात डिचोलीतल्या एका खाणीच्या कडेला, पत्र्याच्या खोलीत गेलं. वडील सिंधुदुर्गातून टिपर चालवायला आले आणि मागोमाग आम्हाला घेऊन आले. खोलीत वीज नव्हती. पाणी टँकरने यायचं, तेही टँकरवाल्याच्या मर्जीने. पण आईला खरा जाच होता तो न्हाणीचा. चार बांबू, भोवती निळी ताडपत्री आणि वर आभाळ. ताडपत्रीला दार कुठून असणार? एक कोपरा मोकळा फडफडायचा. तो मुठीत धरून, न्हाणीकडे पाठ करून मी बाहेर उभी राहायचे. समोरच्या रस्त्यावरून खनिज भरलेले टिपर जेटीकडे जायचे, तिथून माल बार्जमधून मुरगाव बंदरात. टिपरमधली सीट उंच आणि ड्रायव्हरची नजर त्याहून उंच. एखादा मुद्दाम हॉर्न वाजवायचा. आई अंगावर पातळ ठेवूनच पाणी ओतून घ्यायची. कित्येक वर्षं ती कपड्यांसकट न्हाली.

एकदा केस पिळता पिळता मला म्हणाली, "शिकलंस ना गो, तर माका आतून कडी लागणारा एक दार दी. दुसरा काय नको."

मी शिकले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. पेडणे तालुक्यात, तुयेच्या औद्योगिक वसाहतीत औषधांच्या कारखान्यात लागले. वडील तोवर गेले होते. आईला घेऊन मी कारखान्याजवळ भाड्याच्या खोलीत आले. शेजारी कोल्हापूर-बेळगावकडचे कामगार आणि सगळ्यांत मिळून एकच न्हाणी. दाराला कडी होती, पण दाराबाहेर रांगही होती. आई आत गेली रे गेली की कुणीतरी थाप मारायचं. "मावशी, आवरा की! शिफ्ट चुकतीया!"

स्वतःचं घर बांधावं म्हटलं तर पेडण्यातली जमीन आता आमच्यासारख्यांसाठी नसते. ती दिल्ली-मुंबईच्या लोकांच्या स्वप्नात येते आणि सकाळी उठून बघावं तर त्यांच्या नावावर झालेली असते.

तेवढ्यात मांद्र्याला समुद्रकाठी राहणाऱ्या एका बंगळुरूच्या जोडप्याने आपलं मोटारघर विकायला काढलं. त्यात बसून जग बघायला निघाले होते दोघं. कारवारपर्यंत गेले आणि त्यांचं एकमेकांशी पटेना. गाडीत पलंग, ओटा, टपावर पाण्याची टाकी आणि मागच्या कोपऱ्यात न्हाणी. मी ती कडी दोनदा लावून बघितली आणि गाडी घेतली.

खोलीसमोर गाडी उभी राहिली आणि आईचं राज्य सुरू झालं. रोज सकाळी खांद्यावर पंचा टाकून ती गाडीत चढायची. शेजारी म्हणायचे, "मावशी निघाली टूरला!" ती आतूनच ओरडायची, "होय, काशीक जातंय! तुमी बसा थंय रांगेत!" गाडी जागची हलायची नाही. आईचं मात्र कपडे काढून, साबण लावून, निवांत न्हाणं व्हायचं. आयुष्यात पहिल्यांदा.

गाडी घेतल्यावर मोटारघरवाल्यांच्या एका ग्रुपने मला ओढून घेतलं. त्यांचा म्होरक्या मूळ पुण्याचा. नोकरी सोडून मांद्र्याला बंगला बांधून राहिलेला. सगळे त्याला कॅप्टन म्हणत, जहाज कुणीच बघितलं नव्हतं. त्याने जाहीर केलं, "या वेळी गोव्यातल्या वाळवंटात ऑफ-ग्रिड कॅम्प, वीज-नळ काही नाही!" मी विचारलं, गोव्यात वाळवंट कुठलं? त्याने नकाशा पाठवला. ती आमचीच बंद पडलेली खाण होती.

जायचं मी लगेच ठरवलं. जिथे बापाने टिपर चालवला तिथे मला माझी गाडी नेऊन उभी करायची होती. आईने एकच विचारलं, "न्हाणी वांगडा येता ना?" म्हटलं, गाडीतच आहे, सोबत येणारच. "मगे मी पण येतंय."

तांबड्या, बोडक्या माळावर गाड्या गोलात लागल्या. सगळे त्या धुळीचे फोटो काढत होते. हीच धूळ आई रात्री आमच्या नाकातून ओल्या फडक्याने पुसून काढायची. संध्याकाळी कॅप्टनने नियम सांगितले. कॅम्पभर गाडीतलं बाथरूम वापरायचं नाही. पाण्याचा मोह सोडायचा. मग हातात चिकटपट्टी घेऊन तो गाडीगाडीत चढला आणि बाथरूमच्या दारांवर फुल्या मारत सुटला. प्रत्येक फुलीला टाळ्या. फ्रीजला मात्र सूट होती, कारण त्यात बियर होती. मी आमच्या न्हाणीच्या दारात आडवी उभी राहिले आणि म्हटलं, आईला न्हाणी लागते. तो माझ्या काखेखालून हात घालून फुली मारून गेला. "सकाळी बघा तर खरं, काकूंसाठी मस्त सोय केलीय."

सकाळी सोय दिसली. चार बांबू आणि भोवती निळी ताडपत्री.

आई पंचा घेऊन त्या ताडपत्रीसमोर थांबली. मग माझ्याकडे वळली. "ही आमचीच गो ताडपत्री! तू पदवी घेतलंस, गाडी घेतलंस, आणि माका परत ताडपत्रीत न्हावंक आणलंस?"

कॉफीचे मग घेऊन सगळे जमले. कॅप्टन हसत म्हणाला, "काकू, लाजू नका हो! उघड्यावर आंघोळ म्हणजे मुक्ती!"

"असा?" आई म्हणाली. "मगे आधी तुमी न्हावा. मी हारन वाजयतंय."

त्याला काही कळलं नाही. मला कळलं. आई वळली, गाडीत चढली, चिकटपट्टीची फुली टरकन ओढून काढली आणि आत गेली. कडी बसल्याचा आवाज माळभर गेला असेल. मग पाणी पडायला लागलं, भरपूर.

"ग्रुपला काही शिस्त असते," कॅप्टन मला म्हणाला.

"ही शिस्त तिने इथेच पाळलीय. हौस म्हणून नव्हे, दार नव्हतं म्हणून. तुमच्या बंगल्यात बाथरूम किती आहेत हो?"

तो खरोखरच बोटांवर मोजायला लागला.

आई न्हाऊन, केसांना पंचा गुंडाळून पायरीवर बसली तशी पहिली आली ती कॅप्टनचीच बायको. साबण पदराआड लपवल्यासारखा टॉवेलमध्ये धरलेला. "काकू, मी पटकन जाऊन येऊ?"

"जा गो. कडी घट्ट लाव, जरा अडकता ती."

मग दुसरी आली, तिसरी आली. थोड्या वेळाने पुरुषही आले, गाडीचा टायर बघायला आल्यासारखे. आमच्या गाडीसमोर तुयेसारखीच रांग लागली. फरक इतकाच की आता रांगेकडे बघत आई पायरीवर बसली होती आणि कुणी दार ठोकलं की ठोकणाऱ्याला झापत होती. सगळ्यात शेवटी टॉवेल घेऊन कॅप्टन उगवला. तोवर टाकी रिकामी.

"पाणी संपला," आईने ताडपत्रीकडे बोट केलं. "तुमची मुक्ती ती थंय."

दुपारी ऊन फार आहे असं सांगून ग्रुपने कॅम्प गुंडाळला आणि जो तो आपापल्या बंगल्याच्या ग्रिडवर गेला.

परतताना डिचोलीचा बाजार मागे पडल्यावर आई म्हणाली, "न्हाणी बरी हा गो. पण चाकां असलेला दार कोणय खंयय नेऊन उभा करतलो. माका जमिनीक धरलेला दार व्हया."

मी गाडी विकली. घेणारा ऑफ-ग्रिडचा शौकीनच निघाला. डिचोली तालुक्यात आतल्या बाजूला जमिनीचा तुकडा मिळाला. समुद्र दिसत नाही म्हणून तो कुणाच्या स्वप्नात आला नव्हता. गवंड्याला आधी न्हाणी बांधायला लावली. तो हसला, पण त्याने बांधली.

घर झालं. दोन खोल्या आहेत, वीज आहे, नळ आहे. न्हाणीला दार आहे, आणि कडी आतून लागते.