डायच्या कडेची गोलाई

पेरणी यंत्राच्या बियाण्याच्या पेटीचं झाकण चौथ्यांदा फाटलं, तेव्हा मी पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या बाजूला खाली बसलो. प्रत्येक वेळी तोच कोपरा, तीच बोटभर चीर. हेच झाकण मी कॉम्प्युटरवर आठवडाभर दाबून पाहिलं होतं. पत्रा फाटण्याचा धोका असला की सिम्युलेशन ती जागा लाल दाखवतं. माझं झाकण या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवंगार होतं.

येडशीच्या पुढं हायवेला आमचं शेड आहे. मी डिझाइन करायचो आणि पत्र्याला आकार देणारे साचे, म्हणजे डाय, आमचे जुने कारागीर चाचा घडवायचे. शेड उभं राहिलं तेव्हापासून चाचा तिथं होते. मालकांनी या वेळी आधीच सांगून टाकलं होतं, "ही डाय नीट बसली नाही, तर पुढच्या सगळ्या पुण्याहून करून आणू. टूलरूम बंद." टूलरूम म्हणजे एक लेथ, एक ग्राइंडर आणि चाचा. चीर पाहून मला काळजी वाटली ती चाचांची.

आम्ही पत्रा बदलला, तेल वाढवलं. प्रेसचा दाब कमी केला, मग वैतागून जास्त केला. झाकण फाटतच राहिलं. चाचांनी गोलाई मोजायचं गेज आणून डायच्या कडेला लावून दाखवलं. पत्रा ज्या कडेवरून वळून आत उतरतो तिची गोलाई ड्रॉइंगमध्ये सहा मिलिमीटर, डायलाही सहा. केसाचाही फरक नव्हता. इतकं तंतोतंत काम मी चाचांकडून कधीच पाहिलं नव्हतं. माझ्या डोक्यात तेव्हाच उजेड पडायला हवा होता. तो पडला नाही, आणि मी सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसलो.

दोन दिवस मला काही सुधरत नव्हतं. जेवताना मी ताटातली भाकरी वाकवून तिला कुठं तडा जातो ते बघायचो. बायकोनं विचारलं, "कुणाशी भांडलात का?"

"पत्र्याशी," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सिम्युलेशनची फाइल पहिल्यापासून उघडली. तिथं गोलाई आठ होती. ड्रॉइंगमध्ये सहा. मी दोन्हींकडं आळीपाळीनं बघत राहिलो. आठ मीच भरले होते. सहाही मीच लिहिले होते.

मग हळूहळू आठवलं. मी इथं नवा होतो तेव्हा आठ लिहायचो आणि चाचा कड दहाची करायचे. पुस्तकं शिकून आलेले लोक कड नेहमी टोकदार ठेवतात, असं त्यांचं ठाम मत होतं. दहानं पत्र्याला सुरकुत्या पडायच्या. वयानं एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर काय सांगायचं, म्हणून मी गुपचूप दोन कमी लिहायला लागलो. ते गुपचूप दोन वाढवायचे. कड बरोबर आठची उतरायची, काम झकास व्हायचं. कितीतरी वर्षं या विषयावर आम्ही एक शब्द बोललो नव्हतो. पुढं पुढं सहा लिहिताना मला आपण कमी लिहितोय हे जाणवेनासंही झालं.

मी धावत टूलरूममध्ये गेलो. "चाचा, या वेळी कड वाढवली नाही तुम्ही?"

"न्हाय की." चाचा गोंधळून माझ्याकडं बघायला लागले. "या टायमाला तुम्हीच तर काम्पूटरवर दावलं. सगळं हिरवं हाय, बराबर हाय, म्हणलात. मग म्या कशाला हात लावू?"

मला हसावं की रडावं कळेना. ज्या एका वेळी त्यांनी माझ्यावर पूर्ण विश्वास टाकला, नेमकं त्याच वेळी माझं ड्रॉइंग खोटं होतं.

मी तसाच मालकांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. चूक माझी, चाचांची नाही, हे तीनदा सांगितलं.

"म्हणजे कागदावर खरा आकडा असता तर झाकण फाटलं नसतं?" मालकांनी विचारलं.

"अजिबात नसतं," मी ठासून म्हणालो.

"मग खरा आकडा लिहून पुण्याला पाठवा. मशीन तेवढंच कापेल. इथं हाताचं काय काम उरलं?"

मी कुणाची बाजू मांडायला आलो होतो, तेच मला समजेना. खोटं बोललो असतो तरी डाय बसली नाही म्हणून टूलरूम गेलीच असती. पण मग ती माझ्या बोलण्यामुळं गेली नसती. तेव्हा गप्प बसायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

मालक काय म्हणाले ते मी चाचांना सांगितलं. त्यांनी त्याच दुपारी कड आठची केली. गेज लावलं नाही, नुसता अंगठा फिरवून बघितला. झाकण एका दाबात अखंड उतरलं. ते त्यांनी उजेडाकडं धरून चारही कोपरे तपासले आणि माझ्या हातात दिलं.

"सायब," ते म्हणाले, "आता कागदावर आठच लिवा बरं का. पुण्याच्यांना म्हाईत न्हाय, दोन वाढवायचं आसतंय."