न झालेल्या निवडणुकीचा उमेदवार

निवडणुका झाल्या की किस्से साठतात, हे सगळीकडचंच. आमच्या कुंभकोणमात मात्र न झालेल्या निवडणुकीचे किस्से जास्त! नगरपालिकेची निवडणूक शहाऐंशीत झाली, ती पुन्हा थेट शहाण्णवात. मधली वर्षं आमचा कॉफी क्लबातला तंजावरी मराठ्यांचा कंपू सेतूरावांना सांभाळत बसला होता.

सेतूराव तिरुभुवनमच्या एका रेशीम सोसायटीतून रिटायर झालेले. एकदा तरी कौन्सिलर व्हायचं, एवढी एकच इच्छा. बाकी माणूस देवासारखा!

*

दर वर्षी बातमी यायची, "पोंगलनंतर निवडणूक!" सेतूराव वेष्टीला, म्हणजे आमच्याकडच्या पांढऱ्या धोतराला, कडक इस्त्री करून आणायचे. मग बातमी यायची, "आता दिवाळीनंतर!" वेष्टी परत पेटीत. शेवटी तिच्या घडीवर पिवळी रेघ उमटली. त्यांचा शाळासोबती व्यंकोजी म्हणाला, "सेतू, सरकारला लिहू या. निदान वेष्टीसाठी तरी तारीख द्या म्हणावं!"

*

आणि खरंच तारीख लागली! एक मत वॉर्डाच्या कौन्सिलरला, दुसरं थेट नगराध्यक्षाला. सेतूराव घरोघरी समजावत फिरले. माझी आत्या सगळं नीट ऐकून म्हणाली, "दोन्ही एका दमात कशाला? एक सकाळी देते, एक जेवून. तेवढंच दोनदा बाहेर पडणं होईल!"

*

तेवढ्यात कळलं, वॉर्ड बायकांसाठी राखीव! सेतूराव कॉफीला यायचेच बंद झाले. मला तर रडूच आलं त्यांच्यासाठी. परत आले ते बायकोचा, तुळसाबाईंचा अर्ज भरूनच.

"वहिनींना विचारलंत का?" मी म्हटलं.

"सांगितलं की!"

*

तुळसाबाई भाषणाला काही केल्या उभ्या राहीनात. मग सेतूरावच उभे राहिले. वर्षानुवर्षं पाठ केलेलं भाषण, काय रंगलं म्हणता! फर्ड्या तमिळमध्ये गटारं झाली, दिवे झाले, आणि शेवटी हात जोडून म्हणाले, "मला निवडून द्या!"

नळावरून एक बाई ओरडली, "अण्णा, आधी साडी नेसून या!"

*

मतमोजणी झाली. समोरच्या घरातली मंगळम् निवडून आली. एका मताने!

सेतूराव क्लबात आले ते लालबुंद होऊन. प्रचार सगळा तमिळमधून केला, पण भांडायला घरची मराठीच लागते. "आपल्यातलाच कुणीतरी फुटलाय!" आणि बोट थेट व्यंकोजीकडे. "तूच! तुझी सून मंगळम्‌कडे शिवण शिकते!"

व्यंकोजीने विठोबाची शपथ घेतली, तरी पटेना. शाळेपासूनची मैत्री, आणि बोलणं बंद! आम्हाला कुणाला कॉफी गोड लागेना. शेवटी मीच व्यंकोजीला हाताला धरून सेतूरावांच्या घरी नेलं. दोघेही एकमेकांकडे पाठ करून बसले.

तुळसाबाई कॉफी घेऊन आल्या. पेले ठेवता ठेवता म्हणाल्या, "भावजींना कशाला बोल लावता? मंगळम्‌ला मी मत दिलं."

सेतूरावांचा पेला हातातच राहिला. "तू? अगं, मग स्वतःला?"

"अहो, आपणच आपल्या नावावर शिक्का मारायचा? बरं दिसतं का ते!"